रांगेतलं नाव

म्हाताऱ्याच्या कुत्रीला नाव नव्हतं. काळी-पांढरी, मेंढ्या हाकणाऱ्या जातीची, म्हातारपणाला टेकलेली. हाक मारायची तर तो 'डॉग' म्हणायचा आणि ती यायची. शेजारच्या बाईनं एकदा कुंपणावरून विचारलं, "एवढी गुणी कुत्री, तिला एखादं छानसं नाव ठेव की." म्हातारा म्हणाला, "या घरातली नावं सगळी लागलेली आहेत." बाई हसली. मीही हसले. मला त्या घरात येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते, आणि हा माणूस विनोद करत नाही हे मला अजून कळलेलं नव्हतं.

२०११ मध्ये मी नाशिकहून न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला शिकायला गेले. तिथल्या 'ते रापा' नावाच्या उपनगराच्या मागच्या अंगाला म्हाताऱ्याचं घर होतं, त्यातली एक खोली मी भाड्यानं घेतली. त्याचा जन्म स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावरचा, जिथे वाऱ्यामुळे झाडं उभी राहत नाहीत. विशीत इथे आला आणि दुधाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. बायको गेलेली. एक मुलगी, ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि वेगळी राहायची. मी त्याला इथे 'अहो-जाहो' करणार नाही. त्याच्यासमोर कोणी उगाच अदबीनं वागायला लागलं की तो त्याच्या हातात पाना द्यायचा आणि म्हणायचा, "हे धर, म्हणजे हातांना काम राहील."

पहिल्या दिवशी त्यानं माझा पासपोर्ट बघितला नाही, कॉलेजचं पत्रही बघितलं नाही. विचारलं, "नाव कुणाचं?"

"माझं."

"ते कळलं. तुझ्या आधी कुणाचं होतं?"

मी म्हटलं, कुणाचंच नाही, आईनं एका मासिकात वाचलं आणि तिला आवडलं. रस्त्यावर सापडलेले बूट घालून मी त्याच्या दारात उभी आहे अशा नजरेनं तो माझ्याकडे बघत राहिला. "आवडलं," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "आवडलं." मग किटली चढवली.

माझं नाव जोडाक्षरांचं आहे. त्या घरात यायच्या आधी या देशात काढलेल्या चार महिन्यांत मी स्वतःच लोकांना सांगायला लागले होते की मला नुसतं पहिल्या अक्षरानं हाक मारा, सोपं पडेल. यानं ते ऐकूनच घेतलं नाही. तो रोज सकाळी ओट्सची खारी लापशी उभ्यानं खायचा, खिडकीपाशी, आणि पहिले तीन दिवस मी बघितलं की प्रत्येक घासाआधी तो चमच्याकडे बघून माझं नाव म्हणतोय. चुकतोय, घास घेतोय, परत म्हणतोय. चौथ्या दिवशी बरोबर म्हणाला, जोडाक्षरासकट. या देशातल्या माणसाच्या तोंडून माझं अख्खं नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं, आणि रडू आलं याचा भयंकर राग आला.

सामानाच्या कपाटाच्या दाराची आतली बाजू ही त्याची वंशावळ. सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेली नावं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. वर त्याचे पणजोबा, खाली उतरत उतरत तो. एकदा डाळीचा डबा शोधताना मी ते दार नीट बघितलं, तेव्हा त्यानं मला रीत समजावली. पहिला मुलगा झाला की त्याला बापाच्या बापाचं नाव. दुसरा झाला की आईच्या बापाचं. तिसऱ्याला खुद्द बापाचं. मुलींचंही तसंच, आईच्या आईपासून सुरुवात. बेटावर ही रीत सगळ्यांनी पाळली. त्यामुळे एका गल्लीत सात जणांचं एकच नाव असायचं, आणि पोस्टमन त्यांना धंद्यावरून ओळखायचा.

"आणि एखाद्याला ते नाव आवडत नसेल तर?" मी विचारलं.

"आवडीचा प्रश्न कुठे येतो? रांग आहे."

मला हे पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. मी कॉलेजात असल्यापासून मोर्च्यांची पत्रकं लिहिलेली बाई. परंपरा म्हटलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. मी त्याला वीस मिनिटं ऐकवलं की ही पितृसत्ता आहे, ही मेलेल्यांची जिवंतांवर दादागिरी आहे. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बोललीस छान. डाळ त्या वरच्या फळीवर आहे."

त्या दारावर एक रेघ अर्ध्यात थांबलेली होती. ती त्याच्या मुलाची. पहिला मुलगा म्हणून त्याला म्हाताऱ्याच्या बापाचं नाव मिळालं होतं. एकोणिसाव्या वर्षी ओल्या रस्त्यावर मोटरसायकल घसरून तो गेला. त्याला मुलगा झाला असता तर त्या मुलाला म्हाताऱ्याचं नाव मिळालं असतं. हे मला त्याच्या मुलीनं सांगितलं. तो स्वतः त्या रेघेबद्दल कधी बोलला नाही. पण दाराची बिजागरी करकरली तर तो त्याच दिवशी तेल घालायचा.

२०१३ ला मी ऑकलंडला गेले आणि पेनरोजमधल्या एका गोदामात कामाला लागले. तिथे आम्हाला बिल्ले दिले. माझ्या बिल्ल्यावर लिहिलं होतं 'माया'. सामोआचा एक दादा होता, त्याच्या सात अक्षरी नावाचा 'सॅम' झाला होता. पंजाबचे तिघे होते, तिघेही 'राज'. सुपरवायझर म्हणाला, सगळ्यांना सोपं जावं म्हणून केलंय. सगळ्यांना म्हणजे त्याला. मी त्याच शनिवारी पत्रक लिहिलं आणि बस पकडून हॅमिल्टनला गेले, कारण माझं इंग्रजी तपासायला दुसरं कोणी नव्हतं, आणि म्हातारा त्याच्या काळात कारखान्यातल्या युनियनचा प्रतिनिधी होता.

त्यानं लाल पेन्सिल घेतली आणि माझी सगळी विशेषणं खोडली. लज्जास्पद, अमानुष, वसाहतवादी, सगळी. पानभर पत्रकाच्या सहा ओळी उरल्या.

"यात राग कुठे राहिला?" मी म्हटलं.

"राग एकदा लिहायचा. दुसऱ्यांदा लिहिलास की कुरकुर होते."

त्या सहा ओळींच्या खाली त्यानं सांगितल्याप्रमाणे आम्ही सगळ्यांची अख्खी नावं छापली, आईबापांनी ठेवलेली, बाकी काही नाही. तीन आठवड्यांत बिल्ले बदलले. मी त्यानंतर बरीच पत्रकं लिहिली आहेत आणि प्रत्येक वेळी ती लाल पेन्सिल माझ्या खांद्यावरून डोकावते. हे लिहितानाही डोकावतेय. तिच्याकडे मी आज दुर्लक्ष करणार आहे.

आता दादा. माझा मोठा भाऊ, पुण्यात आयटीत होता, तो २०१२ मध्ये ऑकलंडला नोकरीवर आला. मला भेटायला हॅमिल्टनला यायचा. दोन-तीन खेपांनंतर माझ्या लक्षात आलं की तो रविवारी बरोबर त्याच वेळी येतो जेव्हा घरमालकाची मुलगी जेवायला आलेली असते. म्हातारा त्याला 'इंजिनिअर' म्हणायचा, आणि ते कौतुक नव्हतं, कारण इंजिनिअरला नळाचा वॉशर बदलता येत नव्हता. तरी २०१३ च्या शेवटी लग्न झालं आणि ती माझी वहिनी झाली. 'वहिनी' हा शब्द तिला इतका आवडला की शाळेतल्या मैत्रिणींनाही तिनं तो शिकवला.

बाबा लग्नाला आले नाहीत. आईला येऊ दिलं नाही. बाबा आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेले. कडक, वेळेचे पक्के आणि हट्टी. आम्हाला वाटलं, गोरी सून म्हणून. मी त्यांना फोनवर भरपूर सुनावलं, वंशभेदापासून सुरुवात करून. ते शेवटी एवढंच म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही." आणि फोन ठेवला. मला ती पळवाट वाटली. दोन वर्षं ते दादाशी बोलले नाहीत.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये वहिनीला मुलगा झाला.

त्याच्या महिनाभर आधी, मला बसस्टॉपवर सोडताना, वहिनीनं गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की डॅडच्या फुप्फुसांचं ठीक नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते तिनं मला सांगितलं. फार वेळ नव्हता, आणि दुसऱ्या बाळंतपणाची वाट बघता येईल इतका तर नक्कीच नव्हता. "म्हणून मी ठरवलंय," ती म्हणाली, "याला अस्सल स्कॉटिश नाव ठेवायचं. डॅडचं. नाहीतर ते डॅडबरोबरच जाईल."

मी तिला धीर दिला आणि बसमध्ये बसल्यावर धुमसायला लागले. हो, मला माहीत होतं तो मरणार आहे. हो, मला तो माझ्या बापापेक्षा जवळचा होता. तरीही मला वाटत होतं, पुन्हा आम्हीच का? बिल्ल्यावरचं नाव मी भांडून परत मिळवायचं आणि भाच्याचं नाव मात्र राजीखुशीनं देऊन टाकायचं? आत्या मी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी बसमध्येच यादी केली. आरव, विहान, नील, कबीर. इथेही चालतील, तिथेही चालतील अशी.

बाळ आठ दिवसांचं असताना आम्ही म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसलो. तो, दादा, वहिनी, मी, आणि वहिनीच्या खांद्यावर ते. वहिनीनं थेट बापाचं नाव घेतलं नाही. आधी इतर स्कॉटिश नावांनी रस्ता तयार केला. हेमिश, लॅकलन, फर्गस, अँगस.

"अँगस नको गं," दादा म्हणाला. "बर्गरच्या पाटीवर असतं ते. आई विचारेल, नातवाचं नाव गाईच्या जातीवरून ठेवलं का."

"तुझ्या आईनं विचारायला आधी फोन तर करायला हवा," वहिनी म्हणाली. 

मी माझी यादी वाचली. म्हातारा म्हणाला, "ही कोणाची?"

"कोणाची नाहीत. दोन्हीकडे चालणारी आहेत."

"दोन्हीकडे चालतात त्यांना जँडल्स म्हणतात, रबरी चपला, पोरी. त्या दुकानातून आण."

मग वहिनीनं त्याचं नाव घेतलं. तिनं बाळाकडे बघून, हळू, पूर्ण नाव घेतलं. मी म्हाताऱ्याकडे बघत होते. मला त्याचा चेहरा अजून आठवतो आणि मला तो नीट लिहिता येत नाही. बराच वेळ तहानलेल्या माणसासमोर कोणी पाणी ठेवलं आणि त्याला दिसलं की भांडं शेजाऱ्याचं आहे, तसं काहीतरी.

"पहिला आहे ना हा?" तो म्हणाला.

"हो, पण डॅड..."

"मग याला त्याच्या आजोबांचं नाव. बापाच्या बापाचं. माझं दुसऱ्याला."

 मला सगळ्यात आधी हसू आलं. अस्सल स्कॉटिश नाव हवं होतं ना, घ्या. स्कॉटिश रीतीनं मुलाचं नाव ठरलं त्र्यंबक.

वहिनी रडायला लागली, पण शिक्षिका आहे ती, रडतानाही मुद्देसूद बोलते. "मी रोज हजेरी घेते, डॅड. ज्या मुलाचं नाव बाईंना म्हणता येत नाही ते मूल पहिल्याच दिवशी हात वर करून सांगतं, मला टॉम म्हणा. पाच वर्षांचं मूल. स्वतःहून सांगतं. मी माझ्या मुलाला असा हात वर करायला लावू?"

हे मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकापेक्षा भारी होतं, आणि ते माझ्याच विरुद्ध बाजूनं आलं होतं. मला तिथे म्हणायला हवं होतं की मग शाळेनं शिकावं. मी म्हटलं नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही ते नाव नको होतं. ते अवघड होतं म्हणून नको होतं, जुनाट होतं म्हणून नको होतं, आणि ते बाबांचं होतं म्हणून तर मुळीच नको होतं.

"ज्यानं मुलाच्या लग्नात तोंड दाखवलं नाही," मी म्हटलं, "त्याचं नाव? बक्षीस म्हणून?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "माझ्या बापानं माझ्या आईला दोनदा घराबाहेर काढलं. थंडीत. माझ्या मुलाला त्याचंच नाव होतं, आणि मुलगा चांगला निघाला. आपल्याला आधी कोणी घातलं होतं हे नावाला कळत नाही."

मुलाबद्दल तो माझ्यासमोर बोलला ते हे एवढंच.

"आणि तुझं?" वहिनी म्हणाली. "तुझं कुठे जाईल मग?"

"गेलं तर गेलं. रांग मोडून मिळालेली जागा ही काय जागा आहे?" त्यानं कपाटाकडे बघितलंही नाही. "आता मला त्या गृहस्थाचं नाव शिकव, इंजिनिअर. पहिलं अक्षर मला कठीण दिसतंय."

मी हक्क मागण्याचं काम करते. मी व्यवस्थापकांसमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून बारीकसारीक गोष्टींसाठी भांडलेली आहे आणि भांडणार आहे. पण लेकीनं हातात ठेवलेली, जिच्यात जीव अडकलाय अशी गोष्ट 'माझी पाळी नाही' म्हणून परत करणारा माणूस मी एकच बघितला. त्या दिवशी मला त्याचा रागही आला. आज तो राग नाही. 

म्हाताऱ्याला त्र्यंबक यायला पाच दिवस लागले. पाचही सकाळी लापशी गार झाली. मी त्याला अर्थ सांगायला गेले, तीन डोळ्यांचा वगैरे; तो म्हणाला, अर्थ राहू दे, तो तुझ्या वडिलांनी भरला असेल. नाव जिभेवर बसल्यावर त्यानं ठरवलं की आता त्या गृहस्थाची परवानगी घ्यायची. दुपारी चारला, म्हणजे नाशिकला सकाळ, दाढी करून, बंद गळ्याचा स्वेटर घालून तो फोनपाशी बसला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा लावला होता, कारण बाबांचं इंग्रजी आयटीआयमधलं आणि त्याचं बेटावरचं. अडलं तर मी होते.

"सर," तो म्हणाला, "मी तुमच्या सुनेचा बाप बोलतोय."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मी दोन वर्षं उशिरा फोन करतोय. लग्नाआधी मी तुम्हाला पत्र लिहायला हवं होतं. मुलीच्या बापाचं काम असतं ते. मला वाटलं, मुलं लिहितील."

"मुलांनी लिहिलं," बाबा म्हणाले. "ई-मेल आली. आमंत्रणाची."

"आमंत्रण म्हणजे पत्र नव्हे."

"नव्हे," बाबा म्हणाले.

दादानं मान खाली घातली. मीही. 'मला कोणी विचारलं नाही' याचा अर्थ एवढाच होता, शब्दशः एवढाच, आणि तो आम्हाला दोन वर्षं कळला नव्हता. रांगेत उभा असलेला माणूस आम्ही वगळून पुढे गेलो होतो. मी तर त्याला त्यावर भाषणही दिलं होतं.

"नातू झालाय तुम्हाला," म्हातारा म्हणाला. "आमच्या रीतीनं त्याला तुमचं नाव मिळतं. ते वापरू का, हे विचारायला फोन केला."

"नाही," बाबा म्हणाले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"मी अजून जिवंत आहे," बाबा म्हणाले. "आमच्या घरात जिवंत आजोबाचं नाव नातवाला ठेवत नाहीत. तो गेल्यावर ठेवतात."

"आमच्यात जिवंतपणीच ठेवतात. माणसाला ऐकायला मिळायला हवं."

"मग तुमचंच ठेवा. तुम्हाला ऐकायला मिळेल."

"माझा नंबर दुसरा."

"दुसरा होईलच याची खात्री आहे?"

"नाही."

 बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुमची तब्येत बरी नाही असं माझ्या बायकोकडून कळलं."

"बरोबर कळलं. त्याचा रांगेशी काय संबंध?"

मी पुष्कळ वाटाघाटी बघितल्या आहेत. दोन्ही बाजू आपापलं ओढतात, त्यालाच वाटाघाटी म्हणतात. इथे दोन म्हातारे, एकमेकांना न बघितलेले, ताणून भांडत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूनं भांडत होता. अर्ध्या तासानं बाबा म्हणाले, "विचार करतो," आणि जाता जाता विचारलं, "पाळणा आहे का?"

"केलाय. स्टीलच्या पाइपचा. वेल्डिंग करून, वर दोन बेअरिंग लावलेत."

"कुठलं बेअरिंग?"

मग आणखी वीस मिनिटं बेअरिंग. ती भाषा मला येत नाही, पण तिथे मी कोणालाच लागले नाही.

बाबांनी आठ दिवस घेतले. जन्माची नोंद दोन महिन्यांत करायची असते, म्हणून वहिनी फॉर्म भरून त्यावरचा एक रकाना रिकामा ठेवून बसली होती. त्या रकान्यात अजूनही काहीही लिहिता आलं असतं. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली की ती त्या कागदाकडे बघायची, हे मी स्वतः बघितलंय. नवव्या दिवशी फोन आला, तोही दादाला नाही, मला नाही, सरळ म्हाताऱ्याला.

"ठेवा," बाबा म्हणाले. "मी देतो. पण माझी एक अट आहे."

"सांगा."

"आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. मग मुलाला सासऱ्याचं नाव असलं की त्याला बाळू नाहीतर बंड्या म्हणतात आणि खरं नाव कागदावर मरून जातं. तसं नको. सुनेनं त्याला त्याच नावानं हाक मारायची. रागावायचं तरी त्याच नावानं, मोठ्यानं, चारचौघांत."

अट बाबांनी मराठीतच सांगितली होती, ती मी म्हाताऱ्याला आणि वहिनीला इंग्रजीत सांगितली. शाळेतल्या हजेरीबद्दल ती त्यानंतर काही बोलली नाही. तिनं फोन हातात घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याशी बोलली. म्हणाली, "नमस्कार बाबा. मला ते पहिलं अक्षर अजून येत नाही."

"येईल," बाबा म्हणाले. "माझ्या वर्गातल्या पोरांनाही वर्ष लागायचं."

बारशाला पाळणा आवाज न करता हलत होता. मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीत धपाटे घालायला बायका कमी पडल्या म्हणून म्हाताऱ्यालाही बोलावलं. "तिला का मारताय?" त्यानं आधी चौकशी केली. रीत आहे म्हटल्यावर पुढचं विचारलं नाही. फिटरचा तळहात तो, माझी पाठ दोन दिवस दुखत होती. मग तो पाळण्यावर वाकला आणि एकही चूक न करता म्हणाला, "कसा आहेस, त्र्यंबक?" आणि व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तो आणखी दोन हिवाळे राहिला. ती दोन वर्षं दर रविवारी फोन व्हायचा, त्याचा आणि बाबांचा. आमच्याबद्दल बोलायचे की लेथबद्दल, कोण जाणे. 'तुझा तो घरमालक' म्हणणारे बाबा 'आमचे व्याही' म्हणायला लागले. वहिनीला दुसरं मूल झालं नाही. म्हाताऱ्यानं त्याबद्दल कधी विचारलं नाही, सुचवलं नाही, त्या बाजूला बघितलंही नाही. शेवटच्या आजारात वहिनी एकदा म्हणाली, निदान मधलं नाव म्हणून तुझं घालते, एक फॉर्म भरायचा फक्त. तो नळीतून श्वास घेत म्हणाला, "मधून घुसायचं नाही."

२०१७ च्या जुलैत त्याला पुरलं. पाद्रीनं त्याचं नाव दोनदा घेतलं, पूर्ण. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा वहिनीनं माझा हात धरला. त्या नावानं आता कुठल्याच अंगणातून कोणी कोणाला हाक मारणार नव्हतं, हे तिला कळत होतं आणि मलाही. मी ते इथे लिहिलेलं नाही. ते वापरायची माझी पाळी नाही.

नंतर हॉलमध्ये चहा होता. बाबांना व्हिसा वेळेत मिळाला नव्हता, म्हणून ते माझ्या फोनवर होते, नाशिकहून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी त्यांना एकेक माणूस दाखवत होते. तेवढ्यात दोन वर्षांचं आमचं पोर हातात सॉसेज रोल घेऊन दारातून निसटलं आणि सरळ रस्त्याच्या दिशेनं पळालं. वहिनी काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले, कपबशी तशीच टाकून ओरडली. सगळा हॉल वळून बघायला लागला इतकी ओरडली. "त्र्यंबक. थांब. त्र्यंबक, तिथेच थांब, सांगून ठेवते." पहिलं अक्षर स्वच्छ.

पोर थांबलं.

"कोण ओरडतंय?" बाबांनी फोनमधून विचारलं.

"वहिनी."

"कोणावर?"

मी सांगितलं.

"ओरडू दे," बाबा म्हणाले. "त्यासाठीच दिलंय."